विनातक्रार गुरुवार

गुरुवारी सकाळी मोरिओराव दारातल्या कपाटापुढे उकिडवे बसून आपले डोंगरी बूट पुसत होते आणि सुमिएबाई डोक्याशी उभ्या राहून त्यांना अटी पुन्हा ऐकवत होत्या.

"तक्रार करायची नाही. हुकूम सोडायचे नाहीत. आणि कुणी विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही."

"माहितीनं काय बिघडतं?"

"ही बघा, झाली तक्रार."

मोरिओरावांनी दुसरा बूट पुसायला घेतला. लिफ्टच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची हा त्यांचा धर्म. निवृत्तीबरोबर हुद्दा गेला, पण धर्म कसा जाणार? वसंतात सुमिएबाईंनी त्यांना फुलं बघायला नेलं, तर गाडी, चहा, रांग आणि सरतेशेवटी फुलं, सगळ्यांतच त्यांना काही ना काही खटकलं. तेव्हापासून बाई दर गुरुवारी मैत्रिणींबरोबर भटकायला जात. मोरिओराव घरी डब्यातल्या शेवयांवर गरम पाणी ओतून खात आणि या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत. गल्लीतल्या बायका असल्या नवऱ्यांना 'ओलं पान' म्हणतात. खराट्याला एकदा चिकटलं की झटकून निघत नाही. हे नाव आपल्याला पडलंय हे मोरिओरावांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी एक गुरुवार मागून घेतला होता. आज नीट वागले तर दर आठवड्याला बरोबर. नाही तर कायमच्या शेवया. निकाल मैत्रिणी देणार होत्या.

उत्तर कामाकुराच्या स्टेशनावर दोघी मैत्रिणी भेटल्या. हागाबाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून मैदानावरचाच. मिझोगुचीबाई मऊ आणि भाविक. हागाबाईंच्या पायात साधे कापडी बूट होते. ते बघताच मोरिओरावांच्या जिभेवर चिखल, टाच आणि घोटा यांवरचं अख्खं व्याख्यान आलं. ते त्यांनी गिळलं. त्यांचे स्वतःचे बूट बढतीच्या वर्षी घेतलेले, जाड कातड्याचे. जपायचे म्हणून जवळजवळ कधी घातलेच नव्हते. न वापरता कपाटात पडलेल्या बुटाच्या तळाचं आतल्या आत पीठ होतं, ही माहिती मात्र त्यांच्याकडे नव्हती.

वाट देवळामागून चढून डोंगराच्या सोंडेवरून समुद्राकडे जाते. मुळं उघडी पडलेली, माती ओली. पहिल्याच चढावर मोरिओरावांच्या उजव्या टाचेखाली फटक् असा आवाज झाला. त्यांनी पाऊल उचललं. टाच खालीच राहिली. दोन पावलांवर लाल लाळेरं बांधलेला दगडी जिझो, वाटसरूंचा देव, होता. त्याच्यापुढे गुडघे टेकून त्यांनी रुमालानं तळ बुटाला बांधला.

"सुमिए, बघ तरी," मिझोगुचीबाई कुजबुजल्या, "भावजी नमस्कार करतायत. आमचे हे असते तर सिगारेट पेटवून बसले असते."

सुमिएबाईंनी वळून पाहिलं आणि त्या पुन्हा चालू लागल्या.

पुढे रुमाल सुटत राहिला आणि मोरिओराव दिसेल त्या दगडापुढे गुडघे टेकत राहिले. एकदा तर तो देव नसून हद्दीचा दगड होता. बायका पुढे, हे मागे. पायाखाली आता एकेक खडा ओळखू येत होता. अखेर एका वळणावर तळ पूर्णच निघाला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तो बांबूंच्या बेटात भिरकावला आणि घाईघाईनं सटकले.

पण जपानात एखादी वस्तू टाकून देणं सोपं नाही. पाठीमागून धापा टाकत एक तरुण मुलगी आली. तिच्या हातात तळ होता, चिखल पुसून स्वच्छ केलेला.

"काका, हे तुमचं पडलं का?"

मोरिओरावांनी उजवा पाय पाचोळ्यात खुपसला. आपलं नाही म्हणाले. ती हळहळली, मग खालच्या पोलीस चौकीत देते म्हणाली आणि हरणासारखी पुढे गेली. पुढे म्हणजे थेट बायकांच्या दिशेनं.

मोरिओराव लंगडत टेकाडावर पोचले तेव्हा बायकांनी भाताचे गोळे उघडले होते आणि तळ हागाबाईंच्या हातात होता. डोक्यावर घारी घिरट्या घालत होत्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"हौशी पण अडाणी माणूस दिसतोय," हागाबाई म्हणाल्या. "भारी बूट घ्यायचे आणि कपाटात कुजवायचे. सुमिए, आपल्यातलं नाही ना हे कुणाचं?"

सुमिएबाईंनी तळ हातात घेतला, उलटापालटा केला. नवीन वर्षाच्या साफसफाईत हेच बूट उचलून त्या दर साली कपाट झाडत आल्या होत्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या आणि तळ मुलीला परत दिला.

मुलगी गेली, पण मिझोगुचीबाईंच्या घशाखाली घास उतरेना. तो बिचारा मागे कुठे पाय मुरगळून पडला असेल, आणि आपण इथे खात बसायचं? हागाबाईंनी डबा मिटला. एक शोधपथक तयार झालं. बायकांनी वरची वाट घ्यायची, भावजींनी ओढ्याकडची, कारण त्यांच्या पायात चांगले बूट आहेत.

तक्रार करायची नव्हती. मोरिओराव ओढ्याकडे उतरले आणि स्वतःला शोधू लागले. "कुणी आहे का?" असं त्यांनी दोनतीनदा विचारलंसुद्धा, कारण वरून हागाबाई ऐकत होत्या. डावा तळ तिथेच सुटला. कुणी आणून देऊ नये म्हणून त्यांनी तो सदऱ्यात, पोटाशी खोचला.

समुद्राकाठच्या देवळात पोचल्यावर बूट काढून आत जायचं होतं. एवढा मोठा प्रसाद त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. गुळगुळीत लाकडी फरशीवर मोज्यांनी जाऊन ते कान्नोन देवीपुढे बसले आणि उठेचनात. बायका गच्चीवरून समुद्र बघून आल्या, चहा पिऊन आल्या. हे तिथेच, डोळे मिटून, पोटाशी हात धरून. मिझोगुचीबाईंनी डोळे टिपले.

परतीच्या गाडीत निकाल लागला. परक्या माणसासाठी ज्यानं डोंगर पालथा घातला, आणि दिवसभरात तोंडातून वाकडा शब्द काढला नाही, त्याला घरी ठेवणं पाप आहे, असं हागाबाई म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी धबधब्यापाशी जायचं ठरलं. तिथे वाटेत दगडी देव भरपूर आहेत, भावजींना आवडेल.

घरी आल्यावर सुमिएबाईंनी त्यांच्यापुढे घंगाळभर पाणी आणून ठेवलं. मोरिओरावांनी मोजे सोलून काढले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या जिझोपाशी. तुम्ही आणि नमस्कार?"

"मग बोलली का नाहीस? बांधायला काहीतरी दिलं असतंस."

"पिशवीत चिकटपट्टी होती की."

मोरिओरावांनी हातातला मोजा खाली टाकला. "होती?"

"अख्खी गुंडाळी. काढणारही होते," सुमिएबाई खाली बसत म्हणाल्या. "पण इतका शांत दिवस लग्नापासून गेला नव्हता हो. मोडवेना मला. बघा बरं, पाणी ठीक आहे का?"

मोरिओरावांनी दोन्ही पाय पाण्यात बुडवले. पाणी कढत होतं; टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाय भाजले, डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांना पुढचा गुरुवार आठवला, त्याच्या पुढचा आठवला, आणि त्यापुढचे सगळे.

"छान आहे," ते म्हणाले. "अगदी जसं हवं तसं."

"मग आणखी थोडं ओतते," म्हणत सुमिएबाईंनी उकळत्या पाण्याची किटली उचलली.