उशा तेवढ्या उरल्या

दुर्बीणरावांच्या हातून ऑफिसात आजवर काही हरवलं नव्हतं. घरात समोरचा मिठाचा डबा त्यांना दिसत नसे, पण गाद्या विकणाऱ्या त्यांच्या कंपनीत त्यांची नजर अशी काही चाले की लोकांनी त्यांचं खरं नाव पुसून हे नवं चिकटवलं होतं. आणि त्यांनी ते आनंदाने मिरवलं होतं!

त्यांचं काम असं. दुकानात कुणी गादी मागवली की ती ऑर्डर थेट गोदामात जात नाही. मधे संदेश बनून एका रांगेत उभी राहते आणि पाळी आली की पुढे सरकते. या रांगेला क्यू म्हणायचं. डबल गादीचा क्यू वेगळा, उशांचा वेगळा, गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या मालाचा वेगळा. असे शेकडो क्यू एका पडद्यावर दिसतात, तो कन्सोल. त्या कन्सोलचा पासवर्ड एकट्या दुर्बीणरावांकडे. दुसऱ्या कुणाला द्यायचा विषय निघाला की ते म्हणत, "माकडाच्या हाती कोलीत कशाला?"

त्या सकाळी मात्र त्यांना कन्सोलचं तोंडही बघायचं नव्हतं. घरातली तिघं चार दिवस समुद्रावर निघाली होती. यापूर्वी दोनदा हा बेत ऐन वेळी ऑफिसने मोडला होता, आणि आता तिसऱ्यांदा मोडला तर आपण लेकीला घेऊन जाऊ आणि परत यायचं की नाही ते तिकडेच ठरवू, असं बायकोने शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली की तसंच करून दाखवते, हे दुर्बीणरावांना ठाऊक होतं. बॅगा दाराशी होत्या. लेक कमरेला पोहायची ट्यूब अडकवून बॅगेवर बसली होती. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"एकच काम," साहेब म्हणाले. "परत आलेल्या मालाच्या क्यूमध्ये किती संदेश साठलेत, तेवढं सांगा आणि सुटा!"

"तुम्ही फोन ठेवायच्या आत सांगतो साहेब!" दुर्बीणराव म्हणाले, आणि बुटांसकट जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी लॅपटॉप उघडला.

त्यांनी शोधायच्या चौकटीत क्यूचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं, 'काहीही सापडलं नाही.' पुन्हा टाकलं. काहीही नाही. घाम पुसला, चौकट कोरी केली आणि सगळी यादीच मागवली. जिथे शेकडो क्यू दिसायचे तिथे दोनच होते. मोठ्या उशा आणि लहान उशा!

"साहेब," ते ओरडले, "गाद्या गेल्या!"

"गेल्या म्हणजे? कुठे गेल्या?"

"पुसल्या गेल्या! सगळे क्यू साफ! उशा तेवढ्या उरल्यात!"

साहेबांनी लगेच सगळ्यांना कॉलवर ओढलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर डोकं टेकून झोपणारा, डुलकी नावाने ओळखला जाणारा सहकारी आला. गोदाम सांभाळणारे काका आले. दुर्बीणरावांनी आपला पडदा सगळ्यांना दाखवला. दोन उशा बघून सगळे हबकले.

"माल भरणं थांबवा!" साहेब ओरडले. "ट्रक जिथल्या तिथे उभे करा!"

"पण साहेब," गोदामवाले काका म्हणाले, "माझ्याकडे गाद्यांच्या ऑर्डरी येतायत की. आत्ताच एक छापून आली."

"ती जुनी असणार!" दुर्बीणराव गरजले.

"आत्ता दुसरी आली."

"अहो काका, कन्सोल मी बघतोय की तुम्ही?"

काकांनी ट्रकवाल्यांना हाक मारली. अर्धे भरलेले ट्रक तसेच थांबले.

मग साहेबांनी दरडावलं, "हे कुणी केलं ते आत्ताच्या आत्ता कबूल करा, मी काही करणार नाही!" असं म्हटल्यावर आजवर कुणी काही कबूल केल्याचं ऐकिवात नाही. पण दोन उशांचं ते दृश्यच इतकं भयाण होतं की डुलकीचा बांध फुटला.

"साहेब, मी क्यूला हात नाही लावला! पण सर्व्हर बंद पडला म्हणून मी जो महिनाभर लवकर घरी जात होतो ना... तो बंद पडला नव्हता."

"काय?"

"जेवणानंतर छपाईयंत्राची वायर मीच काढतो," काकाही घाईघाईने म्हणाले. "अर्धा तास पाठ टेकायला. पण क्यू मी नाही पुसले! देवाशपथ!"

"शंभर गाद्या पुढ्यात असताना माणूस आणखी काय करणार म्हणा," साहेब पुटपुटले आणि कपाळाला हात लावून बसले.

दारात बायको उभी होती. "अहो, गाडीवाला निघून जाईल."

"अगं, कंपनी बुडतेय!"

"दर वेळी आपण निघालो की बरी बुडते!"

दुर्बीणराव पुन्हा पडद्याकडे वळले. आणि तेव्हा, अगदी वरच्या कोपऱ्यात, त्यांना ते दिसलं. नरसाळ्यासारखं एक चिमुकलं चित्र, निळं झालेलं. फिल्टर! काल संध्याकाळी हिशेबनिसाला फक्त उशांचा आकडा हवा होता, म्हणून त्यांनीच तो लावला होता. कन्सोलने तो इमानदारीने लक्षात ठेवला होता आणि रात्रीतून बाकीचं सगळं झाकून ठेवलं होतं.

त्यांनी हळूच पडदा दाखवणं बंद केलं, माइक बंद केला आणि नरसाळ्यावर बोट टेकवलं. शेकडो क्यू धाडकन समोर!

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मला पाठ आहे."

तिच्यापुढे कुणाचं चालायचं! त्यांनी कुजबुजत सगळं सांगून टाकलं. मग माइक चालू करून, घसा साफ करून ते म्हणाले, "साहेब, आणले परत! सगळे क्यू जागेवर आहेत. परत आलेल्या मालाचे सव्वीस संदेश साठलेत."

कॉलवर आनंदीआनंद झाला. डुलकी टाळ्या वाजवू लागला. साहेबांना गहिवरून आलं.

"दुर्बीणराव, तुम्ही नसता तर? नुसती कल्पना करवत नाही! म्हणूनच माझा निर्णय झालाय. तुमची रजा रद्द! पुन्हा गेले तर आणणार कोण?"

दुर्बीणरावांनी बायकोकडे पाहिलं. ती अगदी शांत होती! त्यांनी तोंड उघडलं, पण एवढ्या कौतुकानंतर खरं बोलायला जीभच उचलेना. तिने मात्र दोन पावलांत लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"साहेब, मी यांची बायको बोलतेय. तुमचं काहीच गेलं नव्हतं. यांनी काल उशांचा फिल्टर लावला आणि काढायला विसरले. तुमच्या कंपनीला आज यांनीच बंद पाडलंय. आता हा माणूस तिथे ठेवायचा की माझ्याबरोबर पाठवायचा, तुम्हीच ठरवा."

मग गोदामवाल्या काकांचा दुखावलेला आवाज आला, "म्हणजे ते वायरीचं मी उगाचच सांगितलं?"

"दुर्बीणराव," साहेब थंडपणे म्हणाले, "रजा किती दिवसांची होती?"

"चार, साहेब."

"आठ घ्या."

"पंधरा द्या हो साहेब!" काका कळवळून म्हणाले.

"पंधरा घ्या. आणि पासवर्ड डुलकीकडे देऊन जा. झोपलेला माणूस निदान कशाला हात लावत नाही!"

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत दुर्बीणराव खिडकीतून बाहेर बघत होते. लेक ट्यूबसकट त्यांच्या मांडीवर होती, बायको गाण्याची तान घेत होती. हळूहळू त्यांनाही बरं वाटू लागलं. छाती जरा पुढे आली.

"चार मागितले, पंधरा दिवस मिळाले," ते गाडीवाल्याला म्हणाले. "आमच्या कंपनीत आजवर एवढी रजा कुणाला मिळाली नाही!"

"वा!" गाडीवाल्याने आरशातून मागे पाहिलं. "एवढं काय काम केलंत साहेब?"

बायकोने तान थांबवली आणि तोंड उघडलं.

"तुम्ही पुढे बघून चालवा हो!" दुर्बीणराव म्हणाले.