मौनाच्या दिवशी बोललेली गाडी

न्येपीच्या, म्हणजे बेटावरच्या मौनाच्या सणाच्या, आदल्या दुपारी नेंगाह गाडीच्या डिकीत डोकं खुपसून बसला होता, आणि त्याची बायको सरियनी त्याच्या पायांशी बोलत होती. बाकीचा नवरा तिला दिसतच नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिच्या सख्ख्या भावाचं देनपासार शहरात गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तो अर्ध्या तासात हे सगळं बसवून देईल. डिकीतून उत्तर आलं की अर्ध्या तासाचं काम मी दहा मिनिटांत करतो. हे उत्तर यायला लागून आता अडीच तास झाले होते.

एवढा खटाटोप करायला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या आठवड्यात वाडीच्या सभामंडपाजवळ गाडी मागे घेताना नेंगाहने मिरवणुकीसाठी उभ्या केलेल्या राक्षसाच्या पुतळ्याचा अंगठा चेचला. त्याला तोंडावर कोण बोलणार? पोरांनी मुकाट्याने अंगठा चिकटवला आणि त्यावर दवाखान्यातल्यासारखी पांढरी पट्टी बांधली. येणारा-जाणारा राक्षसाची तब्येत विचारू लागला. तेव्हा नेंगाह बाजारात गेला आणि ते बोलतं यंत्र घेऊन आला. गाडी मागे घ्यायला गिअर टाकला की त्यातली बाई गोड आवाजात सांगायची: "सावधान, गाडी मागे येत आहे. कृपया बाजूला व्हा."

मोबाईलवर बघून बघून त्याने तारा जोडल्या. मोबाईलमधला माणूस प्रत्येक जोडावर चिकटपट्टी गुंडाळा म्हणून घसा फोडून सांगत होता, पण घरातली चिकटपट्टी राक्षसाच्या मुकुटाला गेली होती. आत कोण बघायला येतंय, असं म्हणत नेंगाहने दोन जोड तसेच उघडे ठेवले आणि वरून डिकीतली सतरंजी ओढून घेतली. मग गिअर टाकला. बाई बोलली. त्याने तिला ओळीने अकरा वेळा बोलायला लावलं. बाराव्या वेळी शेजारची रास्तीची आई भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "बोलून घ्या म्हणावं आजच. उद्या मौन आहे."

संध्याकाळी देवळातून येताना सरियनीने तीर्थाच्या तीन पिशव्या डिकीत ठेवल्या होत्या. मिरवणुकीच्या गडबडीत दोन घरात गेल्या. तिसरी तिथेच राहिली, आणि तिला टाचणीएवढं भोक होतं.

न्येपीला सगळ्या बेटावर विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. माणसांनी घरात गप्प बसायचं. बाहेर फिरायचे ते फक्त पेचालांग, म्हणजे कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र बांधलेले गावचे राखणदार, आणि या वाडीच्या राखणदारांचा म्होरक्या नेंगाह होता. त्याच्याइतका कडक म्होरक्या आसपासच्या दहा वाड्यांत नव्हता. मसाला कुटला म्हणून त्याने रास्तीच्या आईला दंड केला होता. एकाला तर शिंकेबद्दल समज दिली होती. नियम तो सगळ्यांना सारखा लावायचा, आणि ते खरंच होतं, कारण राखणदाराच्याच घरातून मौन मोडलं तर त्याने दुसऱ्या दिवशी सभेत चौकड्याचं वस्त्र उतरवून ठेवायचं, हा नियमही त्यानेच मंजूर करून घेतला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो सव्वीस वर्षं कारकून होता. तिथे त्याच्यासाठी कुणी खुर्ची सरकवत नसे. वाडीत मात्र तो दिसला की माणसं आवाज खाली आणत. ते वस्त्र गेलं तर आपल्यात उरलं काय, असा विचारसुद्धा त्याला सोसायचा नाही.

तर न्येपीच्या सकाळी आठ वाजता नेंगाह आणि त्याचा जोडीदार केर्ता भातखाचरांच्या बाजूला गस्त घालत होते. केर्ता भिडस्त माणूस. कुणाला गप्प बसा म्हणायचं तर आधी तोच घाबरायचा. त्याच्याकडे नियमांची वही असे, आणि बोलायचं काम नेंगाहकडे. सगळीकडे इतकं शांत होतं की पाटाचं पाणी ऐकू येत होतं. तेवढ्यात लांबून एका बाईचा गोड आवाज आला.

नेंगाह जागच्या जागी थांबला. आजच्या दिवशी गाडी बाहेर काढणारा हा कोण दिवटा, आणि वर उलटी चालवतोय, असं दात चावत पुटपुटून तो तरातरा निघाला. चालता चालता त्याने शिक्षा ठरवली. दंड तर आहेच, शिवाय सभेत सगळ्यांसमोर उभं करायचं. पहिल्या वळणावर त्यात देवळाचं अंगण महिनाभर झाडणं वाढलं. दुसऱ्या वळणावर आवाज ओळखीचा वाटला. तिसऱ्या वळणावर त्याची चाल मंदावली. आणि चौथ्या वळणावर, म्हणजे स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी, ही शिक्षा जरा जास्तच होतेय असं त्याचं मत झालं.

गाडी दारासमोर शहाण्यासारखी उभी होती. इंजिन बंद, किल्ली घरात. रात्रभर ठिबकलेलं तीर्थ सतरंजीतून उघड्या जोडांपर्यंत पोचलं होतं, आणि आतली बाई दर दहा सेकंदांनी सगळ्या गावाला बाजूला व्हायला सांगत होती. सरियनी उंबऱ्याच्या आत उभी होती. बाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी नवऱ्याचीच ताकीद होती.

"अहो, मी हात नाही लावलेला," ती कुजबुजली.

नेंगाहने मोबाईल काढला. पण न्येपीला इंटरनेटही बंद असतं, आणि ते चालू ठेवा म्हणणाऱ्यांना गेल्या सभेत त्यानेच झापलं होतं.

"पाना दे," तो बायकोला म्हणाला. "बॅटरीची तार काढतो."

केर्ता खाकरला. "दादा, आज नट फिरवता येत नाही."

"कोण म्हणतं?"

केर्ताने वही उघडली. "तुम्हीच. दोन वर्षांपूर्वी, सायकलवाल्या आजोबांना. 'नट तो नट, सायकलचा काय आणि विमानाचा काय.' तुमचेच शब्द आहेत."

"मग ढकलत खाचराकडे नेऊ."

"तो प्रवास झाला. हातगाडीवाल्याला आपण धरलं होतं."

"मग वायरच उपटतो."

केर्ताने बराच वेळ पानं चाळली. त्याला मनापासून वाटत होतं की काहीतरी सापडावं. "उपटणं हेही काम," तो कसंबसं म्हणाला. "गवत उपटणाऱ्या काकूंच्या वेळी ठरलंय."

सावधान, बाई म्हणाली.

एव्हाना गल्लीतल्या भिंतींवर डोकी उगवली होती. कुणी हसत नव्हतं. हसायला मनाईच होती. पण भिंतीवरची डोकी एका लयीत हलत होती, आणि पलीकडच्या घरात कुणाला तरी तोंडात पदर कोंबूनही ठसका आवरत नव्हता. नेंगाहला वाटलं, या क्षणी जमीन फाटली तर आपण रांगेत उभं न राहता आत जाऊ.

शेवटी केर्तालाच वाट सापडली. झोपायला मनाई नाही, तो म्हणाला. आणि गादी घालणं हे झोपण्यातच येतं.

नेंगाह काही बोलायच्या आत रास्तीच्या आईने भिंतीवरून आपली गादी टाकली. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. मागोमाग समोरच्या घरातून दोन आल्या, सरियनीने चौथी दारातून सरकवली. चारही गाद्या डिकीवर रचल्या तेव्हा आवाज बसला, पण वरून दाब दिल्याशिवाय दबेना. म्हणून वाडीच्या राखणदारांचा म्होरक्या भर दिवसा, भर गल्लीत, पाय लोंबकळत ठेवून त्या गाद्यांवर पालथा पडला. खालून बाई दर दहा सेकंदांनी त्याच्या पोटात पुटपुटत राहिली. ऊन चढलं. केर्ता शेजारी छत्री धरून उभा राहिला, पण छत्री उघडणं कामात मोडतं का याची खात्री नसल्याने त्याने ती मिटलेलीच धरली. उद्या कमरेचं वस्त्र उतरवून ठेवायचं, हे नेंगाहच्या डोक्यातून जाईना. त्याचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने तोंड रास्तीच्या आईच्या गादीत खुपसलं.

दुपारी अडीचला उन्हाने तीर्थ सुकलं आणि बाई वाक्याच्या मध्येच थांबली. नेंगाह पाच वाजेपर्यंत उठला नाही. भरवसा कसा धरणार?

दुसरा दिवस म्हणजे घरोघर जाऊन झाल्यागेल्याची माफी मागायचा दिवस. सकाळी दहाला सभामंडप भरला. नेंगाहने वस्त्र धुऊन, घडी घालून आणलं होतं. ते त्याने मुखियासमोर ठेवलं, काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं, आणि नियमाप्रमाणे होऊ दे म्हणून मान खाली घालून उभा राहिला. नट, गवत, हातगाडी, सगळे समोर बसले होते. त्याने मनाची तयारी केली होती.

मुखियाने कुणाला काही म्हणायचंय का विचारलं. रास्तीची आई उठली.

"त्याला काढू नका," ती म्हणाली. "नवा माणूस आणला तर तो पहिली दहा वर्षं आम्हाला शिस्त लावणार. याची लावून झालीय."

सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. सायकलवाल्या आजोबांनी तर दोन्ही हात वर केले. मुखियाने वस्त्र उचलून परत नेंगाहच्या हातात दिलं. नेंगाहला गहिवरून आलं. मंडपाच्या पायऱ्या उतरताना तो केर्ताला म्हणाला, "लोकांची आपल्यावर इतकी माया आहे, मला ठाऊकच नव्हतं."

केर्ता चप्पल शोधत होता. आजच्या दिवशी खोटं बोलू नये, म्हणून त्याने खरं सांगून टाकलं. "माया नाही, दादा. तुम्ही गेलात की पुढचा नंबर माझा. मला कुणाला गप्प बसा म्हणता येतं का? पहाटेपासून घरोघर हात जोडत फिरलोय."

"आणि काय सांगितलंस त्यांना?"

"की पुढच्या वर्षीपासून नेंगाहदादा लहानसहान गोष्टींत कुणाला काही बोलणार नाहीत."

"असं मी कधी म्हटलं?"

"आता म्हणा," केर्ता म्हणाला. "वाट बघतायत."

नेंगाहने मागे वळून पाहिलं. सगळी वाडी पायऱ्यांवर येऊन थांबली होती, आणि कुणालाही घरी जायची घाई दिसत नव्हती. त्याने हातातल्या वस्त्राकडे पाहिलं आणि तो काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं," रास्तीची आई वरून म्हणाली. "कालची बाई बघा कशी, अख्ख्या गावाला ऐकू जात होती."

तेव्हा नेंगाहने ते मोठ्याने म्हटलं.