मगदूम सरांचे क्षराव

आमच्या शेजारचे मगदूम सर अंडी आणायला निघाले की दुकानदार शटर ओढायला धावतो. "समजा, मला क्ष अंडी पायजेत," सर सुरू करतात. "किती, सर?" "तेच तर काढायचंय." उत्तर निघेपर्यंत अंड्यांतनं पिल्लं बाहेर पडून दाणे टिपायला लागलेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीत.

मुलगी बघायला गेलते तेव्हाही "समजा, माझा होकार हाय," एवढंच बोलले. समजायचं की नाही यावर तिच्याकडची बैठक चालू असतानाच मुलीचं कोडोलीत लग्न लागलं. सर एकटेच राहिले.

पुढं गल्लीतली पोरं एसीवाल्या क्लासला गेली आणि सरांच्या शिकवणीला उरली फक्त माझी आई. साठी ओलांडून बाहेरून दहावीला बसलेली. ती पास झाली की सरांचा फळा कायमचा पुसायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

पहिल्याच दिवशी आई अडली. "अक्षरं मराठीच्या पेपरात. आकड्यांत ह्यांचं काय काम?"

"वहिनी, तुम्ही नवऱ्याचं नाव घेता?"

"न्हाय बा."

"पण माणूस घरात हाय न्हवं? क्ष तसाच. नाव घेत न्हाय, पण हाय."

आईला बीजगणित एका घोटात कळलं. जरा जास्तच कळलं. "क्ष + ७ = १२" तिनं धडाधडा सोडवलं, खाली "क्ष =" लिहिलं आणि पदर सावरून बसली.

"पुढं?"

"पुढं नाव येतंय की."

सरांनी कपाळावर हात मारला, तो जोतिबाच्या डोंगरावर ऐकू गेला. "मग उखाण्यात घ्या."

आईनं घेतला. "चुलीवर रस्सा, खाली मंद आच, सात गेले पलीकडं, क्षराव उरले पाच."

बोर्डाला उखाणे चालत नाहीत, हे तिच्या गळी उतरवण्यात सगळा हिवाळा गेला.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिनं अख्खा पेपर सोडवला. सगळ्या किमती न लाजता, आकड्यांत. मी तिला न्यायला गेलो होतो. सरांनी पेपर वाचला, परत वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मग एका अधिकच्या चिन्हाभोवती लाल गोल काढला.

"हे चिन्ह चुकलंय, वहिनी. म्हणजे अजून… बरंच राहिलंय."

चिन्ह बरोबर होतं. जन्मभर गणितात नापास होत आलेल्या मलासुद्धा ते दिसत होतं. मी तोंड उघडलं, तोवर आईनं माझा पाय दाबला.

"चुकलं असंल की," ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर बी येतो मी. पक्कं होईस्तोवर."

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.