आपल्यातला वकील पाहिजे

लग्न मोडणं ही खाजगी बाब असली, तरी त्यासाठी वकील शोधणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. इथे हिंदी मुलखात मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास राहणाऱ्या आम्हा महाराष्ट्रीय कुटुंबांना हे तत्त्व शिकवावं लागलं नाही.

म्हणूनच १९८७ च्या नोव्हेंबरात माझी पुतणी कालिंदी हिनं "काका, मला एक वकील पाहून द्या" असं म्हटल्याबरोबर आमच्या मंडळानं सात जणांची उपसमिती नेमली. कार्यवाह मीच, म्हणजे दिनानाथ, रेल्वेतून निवृत्त. मला अनुभव आहे. रेल्वेत एक पंखा बदलायला मी चौदा महिने पत्रव्यवहार केलेला आहे.

प्रकरण साधं होतं. कालिंदीचा नवरा विश्वेश्वर बँकेत, राहायला बालाजी घाटावर. दोघांचं पटेना. (का पटेना, हे उपसमितीच्या कक्षेत येत नसल्यामुळे विचारलं नाही.) कालिंदी माहेरी आली. मग दोन दिवस आजीकडे राहू दे म्हणून विश्वेश्वर त्यांच्या मुलीला, बकुळला, घेऊन गेला आणि परत पाठवायचं विसरला. कालिंदीला घटस्फोटाची घाई नव्हती, तिला मुलगी हवी होती. पहिल्याच बैठकीत तिनं सांगितलं, की पाच वर्षांच्या आतलं मूल कायद्यानं सहसा आईकडे राहतं आणि बकुळला नऊ एप्रिलला पाच पुरी होतात. या उपयुक्त माहितीबद्दल तिचे आभार मानण्यात आले.

त्यानंतर वकिलाची पात्रता ठरली. एक, तो आपल्यातला असावा, कारण घरातल्या गोष्टी बाहेर जाता कामा नयेत. दोन, तो फार आपल्यातला नसावा, कारण घरातल्या गोष्टी घरात पसरतात. तीन, तो अविवाहित नसावा (त्याला संसारातलं काय कळणार), विवाहित नसावा (बायकोला सांगेल), आणि विधुर तर नसावाच. चार, त्यानं पूर्वी नवरा-बायकोचे खटले चालवलेले नसावेत. असले धंदे करणाऱ्या माणसाला चार लोकांच्या घरात कसं न्यायचं?

चौदा नावं आली. त्यांपैकी पाच मुलाकडचे नातेवाईक निघाले, चार मुलीकडचे, तीन दोन्हीकडचे. एक वारलेले होते. त्यांचं नाव तिसऱ्या बैठकीत बहुमतानं वगळण्यात आलं. (दोन मतं विरुद्ध पडली. माणूस फार सज्जन होता.)

उरला श्रीराम. वय एकोणतीस. कचहरीत, म्हणजे कोर्टात, त्याची खुर्ची होती, पण तिच्यावर सहसा दुसरंच कोणी बसलेलं असे. अविवाहित असल्यामुळे तो तिसऱ्या अटीत बसत नव्हता, तरी त्याची पत्रिका मागवली आणि कालिंदीच्या पत्रिकेशी जुळवून पाहिली. छत्तीसपैकी एकतीस गुण जमले. तेव्हा उपसमितीतल्या आनंदीकाकूंनी "मग लग्नच का लावून टाकत नाही?" अशी सूचना मांडली. कालिंदीचं लग्न अजून मोडलेलं नाही, या तांत्रिक कारणावरून ती फेटाळावी लागली.

जानेवारीत श्रीरामला पाहायचा कार्यक्रम झाला. काकूंनी त्याला एखादं कलम म्हणून दाखवायला सांगितलं. आवाज बरा होता. पण चहा बशीत ओतून प्यायला, त्यामुळे निर्णय पुढे ढकलला.

इथे एक गोष्ट अभिमानानं नमूद करतो. विश्वेश्वरही आमच्याच मंडळाचा वर्गणीदार. त्याच्यासाठीही वकील आम्हीच शोधत होतो, त्याच निकषांवर आणि त्याच गतीनं. पक्षपाताचा डाग आमच्यावर कोणी लावून दाखवावा.

फेब्रुवारीत असाच मी बालाजी घाटाच्या गल्लीतून येत होतो. वरच्या खिडकीतून बकुळनं हाक मारली, "आजोबा, आई कुठंय?" कार्यवाहानं कोणत्याही पक्षाशी परस्पर बोलू नये, असा नियम मीच लिहिलेला. मी वर पाहिलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण नियम हा नियम.

मार्चच्या अकरा तारखेला नववी बैठक भरली. काकू म्हणाल्या, श्रीरामच्या आईचं माहेर कुठलं ते एकदा कळू दे, मग पुढचं बघू. कालिंदी दाराशी उभी राहून ऐकत होती. रागावली की ती हिंदीत बोलते.

"हो गया, काका? अब मैं जाऊँ?"

"अगं, कामकाज चालू आहे," मी म्हटलं.

ती गेली. रामनगरच्या शाळेत ती शिकवते, रोज नावेनं जाते. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गातल्या एका मुलीच्या आईला विचारलं, की तुमच्या ओळखीत कोणी वकील आहे का. त्या बाईनं बोट दाखवलं. दोन घरं सोडून नंदा नावाच्या वकीलबाई राहत होत्या. वकीलबाईंनी कालिंदीला विचारलं, मुलगी कुठे आहे, किती वर्षांची आहे आणि कागद कोणते आहेत. वीस मिनिटांत वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर, सही झाली. चार महिन्यांत आम्ही कालिंदीला यांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

तारीख लागली एकोणतीस मार्चची. विश्वेश्वरच्या बाजूनं कोणीच उभं राहिलं नाही, कारण त्याच्या वकिलाचा शोध अजून आमच्याकडे चालू होता. तात्पुरता ताबा आईला मिळाला.

संध्याकाळी कालिंदी बकुळला कडेवर घेऊन आली. उपसमिती हजरच होती. पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती, मान वर करीना. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हा सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"ते सगळं ठीक झालं, पण या नंदाबाई कोणांतल्या? आडनाव काय त्यांचं?"

"वकालतनाम्यावर आहे, काकू," कालिंदी म्हणाली. "पण मी सांगणार नाही."

ते शोधून काढण्यासाठी पाच जणांची नवी उपसमिती नेमली आहे.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी ती पुष्कळांना सांगितली, शिकल्यासवरलेल्या, तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसांना. प्रत्येकानं शेवटी वकीलबाईंचं आडनाव विचारलं. तुम्हीही मघापासून ते शोधता आहात, राहू द्या, मला कळतं. बकुळ त्या रात्री झोपली का, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.