निशी-कसाईचा इटालियन दरबार

टोकियोतल्या निशी-कसाईच्या मराठी मंडळाने यंदाच्या वार्षिकोत्सवात इटालियन भाषेतला भव्य ऑपेरा करायचा ठराव केला, तो मराठी टिकावी या एकमेव हेतूने. कुणी हसायचं कारण नाही. ठराव रीतसर झाला होता, अनुमोदकासकट.

मुळात ठरलं होतं मराठी नाटक. बाप राजा, मुलगा बंडखोर आणि मधल्यामधे होरपळणारी राजकन्या. सुचेताने भांडून राजकन्येचं काम आपल्या नैनाला मिळवलं होतं. सुचेताचे बाबा पहिल्यांदाच कराडहून जपानला यायचे होते, आणि नैना फाडफाड मराठी बोलते, ही थाप सुचेता कित्येक वर्षं फोनवर मारत आली होती. पोरीला मराठीत येत होतं ते फक्त "नको". पाठ केलेले चार संवाद तिने स्टेजवर म्हटले असते, तर सुचेताची अब्रू झाकली गेली असती.

पण बैठकीत अडचणी निघाल्या. राजा कुठल्या घराण्याचा, यावरून भावना दुखावण्याची शक्यता नोंदवली गेली. म्हणून राजा परदेशी करण्यात आला. तेव्हा एका चिकित्सक सभासदाने शंका काढली, की परदेशी राजा मराठी कसा बोलेल?

"बोलूच नये," अध्यक्ष श्यामकांत म्हणाले. "मुलांना मराठी येत नाही आणि पालकांना त्यांच्या चुका कळतात. त्यातून मुलांना न्यूनगंड येतो. इटालियन कुणालाच येत नाही. म्हणजे चूक होण्याचा प्रश्नच मिटला."

"आणि मराठीचं काय?" सुचेताने विचारलं.

"सुस्वागतम् मराठीत लिहू ना. चांगलं मोठ्या अक्षरांत."

शिकवायला निवृत्त गायनशिक्षिका ओगावा-सान आल्या. तालमींना जागा हवी, म्हणून शनिवारचा मराठीचा वर्ग तहकूब झाला. 'ळ' म्हणवून घेताना ज्या आयांनी हात टेकले होते, त्या आता ताटावर बसवून पोरांकडून इटालियन 'र' घोटून घेऊ लागल्या. सुचेता तर सगळ्यांच्या पुढे. एकदा नैना ताटावर "नको" म्हणाली, तर तिने तेही इटालियनमध्ये म्हणायला लावलं.

प्रयोग दणक्यात झाला. राजा मुलावर गरजला, राजकन्येने बापाचे पाय धरले, सभागृहाने डोळे पुसले. कशासाठी पुसले ते कुणी विचारलं नाही. अभिप्रायात बहुतेकांनी लिहिलं, की परदेशात राहूनही आपण आपली भाषा जपली याचा अभिमान वाटतो.

प्रयोगानंतर बाबा रंगमंचामागे आले. नैनाला जवळ घेऊन म्हणाले, "बाळा, नाटकात राजा इतका का गं चिडला होता तुझ्या भावावर?"

नैनाने आईकडे बघून जपानीत विचारलं, "आजोबांना इटालियन येत नाही? मग मी त्यांच्याशी बोलू कशी?"

सुचेताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ती विचारतेय, तुम्हाला आवडलं का," ती म्हणाली.

बाबा नैनाला सोडून सुचेताकडे वळले.

"छान झालं म्हणावं," ते म्हणाले. "आणि तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मला व्हिडिओ दे. कराडला मराठी नाटक म्हणूनच दाखवतो. तुझ्या भावाची पोरं इंग्लिश मीडियमला आहेत. त्यांना काय कळणार आहे?"