बादली लहान पडली

कारखान्याच्या फाटकावर 'गळतीविना दिवस : ३६४' असा फलक होता आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा जीव त्या आकड्यात अडकला होता. उद्या वर्ष भरलं की मोठे साहेब येणार, सत्कार होणार, बढती आणि बंगला मिळणार. बायकोने बंगल्याचे पडदेसुद्धा निवडून ठेवले होते.

नेमका आजच ॲसिडच्या पाइपाचा एक जोड ठिबकायला लागला.

जुना ऑपरेटर तात्या सांगत आला, वॉशर गेलाय, प्लांट तीन तास बंद ठेवला तर बदलून होईल. पण गळतीसाठी प्लांट बंद केला की ती नोंदवावी लागणार आणि फलकाचा आकडा शून्यावर येणार. अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक काढलं. द्रव जमिनीला लागला तरच ती गळती, असं त्यात चक्क छापलं होतं. लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं की नाही, देव जाणे!

"मग लागू देऊ नका जमिनीला," अधिकारी म्हणाला. "बादली ठेवा."

बादली आली. तात्याने ती अर्ध्या अर्ध्या तासाने रिकामी करायची असं ठरलं. बेवारस वस्तू तपासणीत सापडू नये म्हणून बादलीला नंबर मिळाला, भोवती पिवळा पट्टा मारला, रोजची तपासणी वहीही निघाली. जोडाची वही मात्र कुणी उघडली नाही. सकाळपर्यंत थेंबाची धार झाली.

"साहेब, जोड सुटत चाललाय."

"तात्या, तुम्ही बादलीकडे बघा."

सत्कार प्लांटमध्येच ठेवला होता. टाळ्यांना माणसं कमी पडू नयेत म्हणून अधिकाऱ्याने झाडून सगळ्यांना रांगेत उभं केलं. तात्या सगळ्यात जुना, म्हणून पहिल्या रांगेत. त्याने दोनदा बादलीकडे बोट दाखवलं, अधिकाऱ्याने दोनदा डोळे वटारले. भाषण चाळीस मिनिटं चाललं. 'आमच्याकडे थेंबही बाहेर जात नाही' या वाक्याला मोठ्या साहेबांच्या नव्या बुटांच्या तळव्यातून धूर यायला लागला.

साहेब अनवाणीच गाडीत बसले. फलकावर शून्य आलं. बढती गेली, पडदे दुकानातच राहिले. चौकशी नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकाऱ्याकडेच आली. त्याने अहवाल दिला. कारण : बादली लहान. उपाय : पिंप.

दुसऱ्या दिवशी तात्याने पिंप आणलं. खिशातून नवा वॉशरही काढला.

"साहेब, व्हायचं ते होऊन गेलं. आता तरी बंद करू या ना तीन तास?"

अधिकाऱ्याने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. रंगारी नुकताच शिडीवरून उतरत होता.

"आज एक झालाय, तात्या," तो हळूच म्हणाला. "तो कशाला घालवायचा?"