हिलालनाना आणि बागेतली बाकडी

बाकड्यावर बसण्याआधी हिलालनाना बाकड्याची परवानगी घेतात. आमच्या धुळ्याच्या कॉलनीतल्या बागेत सिमेंटची अकरा बाकडी आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलंय. नाना नाव वाचतात, चप्पल काढतात आणि नाव बाईचं असेल तर म्हणतात, "सरक व माय जराशी, बसू दे." बाई सरकली याची खात्री झाली की बसतात. पुरुषाचं बाकडं असेल तर नुसतं "काय भाऊ" म्हणून टेकतात.

नाना साक्रीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, मयत माणसं हाती आली. "आपल्यात थडगी नाहीत, म्हणून ही बाकडी," असं त्यांचं ठाम मत. "पहिले मानूस गया का बांधवर नुसता दगड ठेवेत. नाव नव्हतं, पन बठ्ठा गावले माहीत व्हतं. आते नाव शे, फोटू शे, नी वळखत कोनीच नही!"

नव्या बाकड्यांवर तर त्यांचा विशेष राग. तिथे नगरसेवकाचं नाव वीतभर, मयताचं बोटभर. एकदा अशा बाकड्यापुढे हात जोडून नानांनी मोठ्या आवाजात नगरसेवकालाच श्रद्धांजली वाहिली. नगरसेवक तेव्हा शेजारी योगासनं करत होते.

नाना बायकोपेक्षा, आमच्या सुमनकाकूंपेक्षा, बारा वर्षांनी मोठे. आपण आधी जाणार हे धरून त्यांनी पेन्शनचे कागद, गॅसचं पुस्तक, सगळं काकूंना समजावून ठेवलं होतं. मागच्या वर्षी काकूच गेल्या.

नानांनी त्यांच्या स्मरणार्थ बागेला बाकडं द्यायचं ठरवलं. दोन्ही नावं कागदावर लिहून बाकड्यांच्या कारखान्यात दिली. बाकडं आलं, हमाल बसवून निघून गेले, आणि मग आम्ही वाचलं: 'कै. हिलालनाना यांच्या स्मरणार्थ, सुमनबाई यांजकडून.' सगळं उलटं. मला हसू फुटलं, त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्यांच्या बाकड्यांवर एखादी वेलांटी चुकली तरी नाना ऑइलपेंटची डबी घेऊन धावायचे. आता तर ते कारखाना डोक्यावर घेणार, या तयारीने मी म्हणालो, "नाना, परत पाठवू. नवीन करून देतील."

नाना बराच वेळ काकूंच्या नावावरून हात फिरवत राहिले.

"र्‍हाऊ दे, भाऊ," ते म्हणाले. "आठे, या बाकडावर तरी मी मरेल शे, नी ती जिती शे."